सतरा नंबरची पिशवी

उपम्याच्या पाकिटात सापडलेला तो मणी मोहरीएवढाच होता. तसाच काळा, तसाच गोल. तेलात परतला असता तर कोणाच्या लक्षातही आला नसता. एका गिऱ्हाइकाच्या दाताखाली आला म्हणून कळलं. त्या माणसाने तो कागदात गुंडाळून कंपनीला परत पाठवला होता. साहेबांनी ती पुडी माझ्या टेबलावर उघडली आणि विचारलं, "काय आहे हे?" मी बघताक्षणी ओळखलं. माझ्या आईच्या गळ्यात तसे कितीतरी आहेत.

आमचा कारखाना नांदेडहून मुदखेडला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. उपमा, शिरा, पोहे यांची तयार पाकिटं निघतात, गरम पाणी ओतलं की खायचं. मी तिथे क्वालिटी विभागात आहे. लातूरला अन्नतंत्रज्ञानाची पदवी घेतली. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिलीच. बाबा अहमदपूरच्या स्टँडसमोर भजी तळायचे. पीठ हातानेच कालवायचे आणि त्याच हाताने कपाळाचा घाम पुसायचे. तसं करणं चुकीचं असतं, हे शिकायला त्यांनी मला चार वर्षं लातूरला ठेवलं. गिऱ्हाइकांतला एक कंडक्टर त्यांना चिडवायचा, "हात धुवायचं शिकायला चार वर्षं लागतेत व्हय?" बाबा झाऱ्या हलवत म्हणायचे, "तुमचेबी धुवून देईल ती. या कधी." त्या एका वाक्याचे उपकार माझ्याकडून फिटणार नाहीत.

नोकरी लागल्यावर खरोखरच माझा निम्मा दिवस लोकांचे हात बघण्यात जाऊ लागला. आमच्याकडे उत्पादनाच्या भागात शिरण्याआधी कपडे बदलायची खोली लागते. खोलीच्या मधोमध भिंतीपासून भिंतीपर्यंत एक बाक आहे. बाकाच्या अलीकडे बाहेरचं जग, पलीकडे आतलं. चपला अलीकडे काढायच्या, बाकावर बसून पाय पलीकडे टाकायचे आणि पांढरे गमबूट घालायचे. मग डोक्यापासून सुरुवात. आधी जाळीची टोपी, कान झाकून, एकही केस बाहेर नको. मग मास्क. मग गळ्यापर्यंत बंद होणारा पांढरा कोट. टोपी आधी का, तर केस कोटावर पडू नयेत म्हणून. मग चिकट रोलर अंगावरून फिरवायचा, कोपरापर्यंत हात धुवायचे आणि ते वर धरून दारापाशी यायचं. दारात मी. "पुढे. मागे. नखं. जा." बाहेर येताना सगळं उलट.

मणी सापडेपर्यंत मंगळसूत्र कोटाच्या आत चालत होतं. त्यानंतर साहेबांनी ठरवलं की गळ्यात, हातात, कानात, कपाळावर काहीच नको. मी त्याला हो म्हटलं. नियम बरोबर होता. आजही मला तो बरोबरच वाटतो. सूचना मराठीत लिहायचं काम माझ्याकडे आलं आणि मी स्वच्छ अक्षरात लिहून दारावर चिकटवली: मंगळसूत्र व बांगड्या काढा, मगच आत या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीच्या बायका दाराबाहेर उभ्याच राहिल्या. कोणी आत पाऊल टाकेना. त्या खोलीची व्यवस्था बघणारी, धुतलेले कोट वाटणारी एक म्हातारी मावशी होती. तिने मला बाजूला घेतलं.

"मॅडम, हे तुम्ही लिव्हलाव?"

"हो. का?"

"आमच्यात 'काढा' कधी म्हणतेत, ठावं हाय ना तुम्हाला?" मावशी स्वतः विधवा होती. "माझं काढलं तवा चार बायांनी धरलं व्हतं मला."

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. माझी आई बांगडी फुटली असं कधी म्हणत नाही, वाढवली म्हणते. पण कॉलेजात मी हे सगळं 'ज्वेलरी' या एका शब्दात शिकले होते. त्या शब्दाला गळा नव्हता, हात नव्हते.

बाहेर मात्र चेष्टा सुरू झाली होती. एक जण म्हणाली, "जोडवी बुटात चालतेत, अन् गळ्यातलं कोटात चालत न्हाई. म्हंजे नवरा पायाशी ठेवायचा, गळ्याशी न्हाई, असं हाय का मॅडम?" सगळ्या हसल्या. त्या हसण्यामुळेच मला कागद फाडायला धीर आला. मावशीने सांगितलं तसं मी नव्याने लिहिलं: गळ्यातले व हातातले पिशवीत ठेवावे. मावशीने जुन्या कोटांच्या कापडाच्या पिशव्या शिवल्या, त्यांवर मार्करने नंबर टाकले आणि भिंतीवर खिळ्यांची ओळ ठोकून घेतली. टिकल्या बायका आरशाच्या चौकटीला चिकटवून जाऊ लागल्या. सकाळभर तो आरसा लाल-मरून ठिपक्यांनी भरलेला असे आणि पाळी सुटली की रिकामा होई.

सतरा नंबरची पिशवी ज्या बाईची होती, ती मुदखेडच्या पुढच्या एका खेड्यातून यायची. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. मी तिला ताई म्हणायची. मोहरी साफ करायच्या चाळणीवर तिचं काम. त्या महिन्यात तिच्या नवऱ्याला कावीळ झाली होती आणि ती वाढली म्हणून त्याला नांदेडला दवाखान्यात ठेवलं होतं. ती आठ दिवस रजेवर होती. नवव्या दिवशी आली तेव्हा तिचा चेहरा बरा दिसत होता. "दोन दिवसांत घरी सोडतो म्हणलेत डॉक्टर," तिने सांगितलं. "माझा भाऊ बसलाय जवळ."

नवा नियम लागून तेव्हा आठवडाही झाला नव्हता. तिने बांगड्या पिशवीत टाकल्या आणि मंगळसूत्राला हात लावून थांबली.

"मॅडम, आजचा दिस राहू द्या का गळ्यात? कोटाच्या आतून टाका घालून घेते. हलायचं न्हाई."

मागे वीसेक बायका उभ्या होत्या आणि सगळ्या ऐकत होत्या. मी म्हटलं, "ताई, तुम्हाला दिलं तर उद्या सगळ्या मागतील. दोन वाजेपर्यंतचा तर प्रश्न आहे."

"बरं," ती म्हणाली. ते डोक्यावरून उतरवताना केसांत अडकलं. मावशीने सोडवून दिलं.

मोबाइल आत न्यायची परवानगी नाही, म्हणून सगळ्यांच्या घरी आमच्या केबिनचा नंबर दिलेला असतो. अकराला दहा कमी असताना फोन वाजला. वेळ मला पक्की आठवते, कारण फोनच्या वरच घड्याळ आहे. तिचा भाऊ बोलत होता.

"मॅडम, दाजी गेले."

"कधी?"

"आत्ताच. दहा मिनटं झाली. तिला सांगू नका. सिरियस हाय म्हणा अन् धाडून द्या. गावातल्या एकाला गाडी घेऊन पाठवलंय."

आपल्याकडे असंच करतात. माणूस गेला असं फोनवर कोणी कोणाला सांगत नाही. सिरियस आहे म्हणायचं आणि वाटेत त्या माणसाला आपोआप कळू द्यायचं. मीही तेच केलं. आत जाऊन चाळणीपाशी उभी राहिले. मास्कमुळे तिचे फक्त डोळे दिसत होते. म्हटलं, "ताई, बाहेर या. दवाखान्यातून फोन होता. तब्येत जरा जास्त झालीय."

ती कपडे बदलायच्या खोलीत आली. कोट काढला, मास्क काढला, टोपी काढली. केस विस्कटले होते. तिने खिळ्यावरून पिशवी काढली. तेव्हा मी म्हणायला हवं होतं, राहू द्या ते सगळं, तशाच जा. तोंडापर्यंत आलं होतं. पण मला वाटलं, हे अंगावर घालायला हिच्याजवळ आता एवढाच वेळ उरला आहे. गावात पोचली की लोक उतरवतीलच. म्हणून मी बोलले नाही. ती हिरव्या बांगड्या घाईघाईने हातात सारत होती. "सावकाश घाला," मी म्हटलं. "फुटतील."

मग ती आरशासमोर गेली आणि चौकटीवरच्या तीस-चाळीस टिकल्यांतून तिने आपली बरोबर शोधली. लावली. माझ्याकडे वळली.

"मॅडम, सरळ हाय का?"

मी तिच्या कपाळाकडे बघितलं. म्हटलं, "हो. सरळ आहे."

मावशी कोटांच्या गठ्ठ्याकडे तोंड करून उभी होती. तिला कळलं होतं. गाडी केव्हाची गेटवर येऊन थांबली होती, ताई तिच्यात बसून गेली, आणि मी परत दारात उभी राहून दुसऱ्यांचे हात तपासले.

तीन-चार दिवसांनी तिच्या भावाचा पुन्हा फोन आला. त्याचं बोलणं अडखळत होतं. सासूच्या कानावर गेलं होतं की कारखान्यात गळ्यातलं काढून कामाला जावं लागतं. ती सुनेला म्हणत होती, तू काढलंस म्हणून माझा लेक गेला. बहिणीला वाचवायला भावाने घरात सांगून टाकलं होतं की दाजी फोन केल्यानंतर बऱ्याच वेळाने, बाराच्या सुमाराला, ती पोचायच्या थोडं आधी, गेले. दवाखान्याच्या कागदावर खरी वेळ होती, पण तो कागद त्याच्याजवळच होता. "ती म्हातारी तिला पुन्हा कामाला सोडायची न्हाई, मॅडम," तो म्हणाला. "माहेरी माझंच कसंबसं चालतं. तिला ह्या नोकरीबिगर काही न्हाई. कोणी विचारलं तर तुम्हीबी तेच सांगा."

मी सांगेन म्हटलं. चौदावा झाल्यावर भेटायला गेले.

दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. सासू दारातच पोत्यावर बसली होती. बारीक, ताठ, पदर कपाळापर्यंत. सून आत चुलीपाशी होती. तिचे हात मला दारातून दिसत होते आणि मी तिकडे बघायचं टाळत होते.

"बस माय," सासू म्हणाली. "तूच ती का? काढा म्हणून लिव्हणारी?"

तो कागद फाडून टाकल्याचं तिला कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगूनही काही उपयोग नव्हता.

"हाव आजी. मीच."

"कामून लिव्हलंस?"

मी मण्याचं सांगितलं. गिऱ्हाइकाच्या दाताचं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "त्याचा दात अन् माझा ल्योक." तिने पदर पुढे ओढला. "एकच सांग. त्याचा जीव गेला तवा हिच्या गळ्यात व्हतं, का न्हव्हतं?"

"होतं," मी म्हटलं.

"तू पाह्यलीस?"

"मी समोर होते आजी. फोन आला तेव्हा ते होते. भाऊ म्हणाले, सिरियस आहेत. ताई बाहेर आल्या, सगळं घातलं आणि मग गेल्या. बाराच्या पुढे झालं ते."

तिने माझ्याकडे खूप वेळ बघितलं. "शिकलेली हायस. खोटं बोलायची न्हाईस," ती म्हणाली, आणि आत तोंड करून हाक दिली, "चहा टाक गं. आठ दिसांनी जा म्हणं कामाला."

परतताना बसमध्ये मला वाटलं, मी काहीतरी चांगलं केलं. गावापासून मुदखेडपर्यंत तसं वाटत राहिलं.

ताई कामावर आली. आता तिला खोलीत सगळ्यांपेक्षा कमी वेळ लागे. उतरवायला काही नव्हतंच. मावशीने सतरा नंबरची पिशवी धुऊन परत खिळ्याला लावली होती. "दुसरीला देऊ का?" तिने मला एकदा विचारलं. मी नको म्हटलं. ती रिकामी पिशवी दाराच्या वाऱ्याने हलायची. आरशाशी कोणी बाई टिकली लावून माझ्याकडे वळली की मी हातातल्या कागदात बघायची. घरीसुद्धा आईने एकदा सणाला विचारलं, कुंकू नीट आहे का गं? मी ताटं मांडत राहिले. आई म्हणाली, कुठे लक्ष आहे तुझं?

ताई मात्र आत रमायची. एकदा जेवणाच्या सुट्टीत म्हणाली, "आत बरं वाटतं मॅडम. टोपी घातली की सगळ्या सारख्याच. कोणी कपाळाकडं बघत न्हाई."

दोन-अडीच महिने असे गेले. एक दिवस पाळी सुटल्यावर बाकीच्या बायका बससाठी पळाल्या आणि ती बाकावर बसून राहिली. एक गमबूट पायात, एक हातात. मावशी कोट मोजत होती. मी दार लावायला आले होते.

"मॅडम, एक सांगू? रागावू नका."

"बोला ना."

"त्या दिवशी मी हितं बांगड्या भरत बसले. टिकली शोधत बसले. तुम्हीबी सावकाश म्हणलात. जशी व्हते तशी कोटातच पळाले असते, तर त्यांचं तोंड दिसलं असतं. माझी वाट बघून राहिले असतील हो ते. रोज हितं बूट घालताना हेच येतं डोक्यात. टिकली पाह्यजे व्हती मला! नवरा मरून राहिला अन् मला टिकली पाह्यजे व्हती."

मावशीचं मोजणं थांबलं.

मला तेव्हा कळलं की मी काय करून ठेवलं होतं. म्हातारीच्या तोंडून काढून घेतलेला दोष मी ताईच्याच अंगावर टाकला होता, आणि तो ती एकटी, कोणाला न सांगता, रोज सकाळी सहा वाजता या बाकावर बसून वाहत होती. आता खरं सांगितलं तर सासूचं म्हणणं खरं ठरत होतं. नाही सांगितलं तर ती आयुष्यभर या खोलीतून धावत राहणार होती. मी तिच्याजवळ बसले.

"ताई, मी तुमच्याशी खोटं बोलले. तुमच्या सासूशीपण. फोन आला तेव्हा ते गेलेले होते. तुम्ही कितीही पळाला असता तरी भेट झाली नसती."

तिने बूट खाली ठेवला. "किती वाजता?"

"अकराला वीस कमी असताना. मला दहा मिनिटांनी कळलं."

तिचे ओठ हलले. ती हिशोब करत होती. "तवा मी चाळणीवर व्हते."

"हो."

"अन् गळ्यातलं ह्या भिंतीला."

"हो."

"म्हंजे सासू बोलती ते खरंच हाय."

"कावीळ होती ताई. त्याने गेले. त्या पिशवीने कोणी मरत नाही. आणि तुम्ही मागितलं होतं, मी नाही म्हटलं. बोलायचं असेल तर मला बोला."

"कावीळ कळती मला," ती जरा तोडूनच म्हणाली. मावशी येऊन तिच्या मागे उभी राहिली होती आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला होता. ताई रडत नव्हती. एकदम मान वर करून तिने विचारलं, "म्हंजे मी उशीर न्हाई केला?"

"नाही."

"एक मिनटबी न्हाई?"

"एक मिनिटही नाही."

तिने मोठा श्वास सोडला आणि दुसरा बूट काढला. पाय अलीकडे घेतले, चपला घातल्या. जाताना दारात थांबून म्हणाली, "घरी हे कळू देऊ नका. म्हातारी त्यावरच उभी हाय. तिचा ल्योक गळ्यातलं घातलेल्या अहेव बायकोचा नवरा म्हणून गेला, असं ती समद्या भावकीला सांगून राहिली. ऱ्हाऊ द्या तिला तेवढं."

"आणि तुम्हाला?"

"मला खरं पुरे."

त्यानंतर मी त्या घरी दोनदा गेले. एकदा संक्रांतीनंतर, आणि एकदा वर्षश्राद्धाला. दोन्ही वेळा म्हातारीने मला पोत्यावर शेजारी बसवून घेतलं आणि आलेल्या बायकांसमोर विचारलं, "सांग माय, तू तितं व्हतीस. तवा हिच्या गळ्यात व्हतं का न्हव्हतं?" दोन्ही वेळा मी होतं म्हणून सांगितलं. वर्षश्राद्धाला मी हे सांगत असताना ताई चहाचं ताट घेऊन आमच्यासमोर उभी होती. तिने माझं वाक्य पूर्ण होऊ दिलं. मग कप माझ्या हातात देत म्हणाली, "घ्या मॅडम, निवल."